पाच हजार वर्षांची सून

माझ्या चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका मी अजून जपून ठेवली आहे. गणपती, कुलदैवत, मुहूर्त, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ हे नेहमीचं सगळं झाल्यावर तळाशी एक चौकट आहे. तिच्यात छापलंय : ‘सून हा शब्द संस्कृत सूनु म्हणजे पुत्र या शब्दापासून आला. इंग्रजीतला सन तोच. म्हणजे सून हा घरचा मुलगाच!’

हे वाक्य माझं आहे. आणि ते चुकीचं आहे.

मी ते फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं. अंगठे आले, बदाम आले. काकांना इतकं आवडलं की त्यांनी मला न विचारता ते छापखान्यात धाडलं. लग्नात नवरीच्या मामांनी मला शोधून काढून हात मिळवला आणि ‘काय अभ्यास आहे हो तुमचा’ म्हणाले. मी लाजल्यासारखं केलं.

अभ्यास कसला? मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. शिक्षण मेकॅनिकलचा डिप्लोमा. संस्कृत दहावीपर्यंत, तेही मार्क मिळतात म्हणून. पण शब्दांचा नाद लहानपणापासूनचा. कंपनीच्या बसमध्ये जाण्यायेण्याचे रोज दोन-अडीच तास मिळतात. बाकीचे रील्स बघतात, मी शब्दांची कुळं शोधत बसतो.

लग्नाला दोनेक महिने झाले असतील. एका वाचनालयात कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ हाताला लागला. १९४६ सालचं पुस्तक. पहिला शब्द कोणता काढला असेल ते सांगायला नकोच. तिथे सूनु नव्हता. तिथे ‘स्नुषा’ होती.

सून आली आहे ती स्नुषेपासून. प्राकृतात तिची ‘सुण्हा’ झाली आणि मराठीत ‘सून’. ‘सूनु’ आणि इंग्रजी ‘सन’ हे खरोखरच एकमेकांचे नातलग आहेत, ते मी बरोबर सांगितलं होतं. पण आपल्या सुनेचा त्या सूनुशी संबंध नाही. मी दोन शब्दांचे चेहरे जुळवले होते. वंशावळ बघितलीच नव्हती.

चेहऱ्यावर जाऊ नका

तुमच्या फोनमध्येही असले मेसेज येत असतीलच. ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय, तिथे पांडवांची शस्त्रं ठेवलेली. (ऑस्ट्रेलिया हा लॅटिनमधल्या ‘दक्षिणेकडचा’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे.) असले मेसेज वाचून मी हसायचो. पत्रिकेनंतर हसणं बंद झालं. माझं वाक्य आणि ते वाक्य यांत पद्धतीचा काहीच फरक नव्हता. दोन्हीकडे ‘सारखं वाटतंय ना, मग एकच असणार’ एवढाच पुरावा.

सारखं वाटणं किती फसवं असतं ते बघा. ‘बदनाम’मधला ‘बद’ फारसीतून आला. इंग्रजीत ‘बॅड’. उच्चार जवळजवळ तोच, अर्थ तोच. तरी दोघांचं काही नातं नाही, निव्वळ योगायोग. ‘दिवस’ आणि इंग्रजी ‘डे’ यांचंही तसंच. उलट ‘चाक’ आणि ‘व्हील’ घ्या. एकही आवाज जुळत नाही, पण हे सख्खे भाऊ आहेत. दोघे एकाच जुन्या शब्दाची लेकरं.

हे ठरवतात कसं? इथे मला माझ्या कामाचा उपयोग झाला. आमच्याकडे एखाद्या पार्टचं भोक बरोबर आहे की नाही हे डोळ्यांनी बघून ठरवत नाहीत. त्यासाठी गो-नोगो गेज असतं. त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पार्ट कितीही चकचकीत असो, गेज सांगेल ते खरं.

भाषेतलं गेज म्हणजे ध्वनिनियम. एका भाषेतला अमुक आवाज दुसऱ्या भाषेत अमुकच होतो, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा होतो. संस्कृतातल्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो : पितृ–फादर, पाद–फूट, पंच–फाइव्ह. ‘द’च्या जागी ‘ट’ येतो : द्वि–टू, दश–टेन, दन्त–टूथ. याकोब ग्रिम या जर्मन विद्वानानं १८२२ साली हे नीट मांडलं. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू, त्यांतलाच थोरला. त्याच्या आधी रास्मुस रास्क या डेन्मार्कच्या अभ्यासकानं यातलं बरंच टिपलं होतं.

आता ‘दिवस’ला हे गेज लावा. ‘द’ आहे, म्हणजे इंग्रजीत ‘ट’ हवा. ‘डे’मध्ये ‘ड’ आहे. पार्ट रिजेक्ट.

गोव्यातला व्यापारी, कलकत्त्यातला न्यायाधीश

मला दिलासा एवढाच, की या शास्त्राची सुरुवात माझ्यासारख्या हौशी लोकांनीच केली. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी. १५८० च्या दशकात तो कोचीन आणि गोव्यात राहिला आणि १५८८ साली गोव्यातच वारला. त्यानं घरी पाठवलेल्या पत्रांत एक नोंद आहे. इथल्या पंडितांच्या भाषेतले सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, तसेच देव आणि साप यांचे शब्द आमच्या इटालियनसारखेच आहेत, असं तो लिहितो. त्याच सुमारास, १५८३ साली, गोव्यातूनच थॉमस स्टीफन्सनं आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं म्हटलं होतं. हा तोच फादर स्टीफन्स, ज्यानं पुढे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं.

दोघांच्याही नोंदी पत्रांतच राहिल्या. चर्चा झाली ती दोनशे वर्षांनी. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स बोलायला उभा राहिला. पेशानं तो सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असू शकत नाही, या तिन्ही भाषा एकाच मुळापासून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आज अस्तित्वात नसेल, असं त्यानं सांगितलं. हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं. त्याच भाषणात जोन्सनं हिंदूंचं नातं इजिप्त, चीन, जपान आणि पार पेरूच्या लोकांशीही जोडलं होतं. ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

मला हा दुसरा जोन्स जवळचा वाटतो. नजर तीच, पण गेज अजून बनलं नव्हतं. जिथे नशिबानं जुळलं तिथे तो द्रष्टा ठरला आणि जिथे चुकलं तिथे माझ्या पत्रिकेसारखी गत झाली.

या भाषाकुळाला ‘इंडो-युरोपियन’ हे नाव दिलं तेही थॉमस यंग या डॉक्टरनं, १८१३ साली. प्रकाशाच्या लहरींवर प्रयोग करणारा तोच हा यंग. या कुळाची आदिभाषा साधारण पाच-सहा हजार वर्षांपूर्वी बोलली जात असावी. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडची गवताळ मैदानं ही तिची जागा, असं बहुतेक संशोधक मानतात. आजच्या तुर्कस्तानचा पक्ष मांडणारेही आहेत. तिचं एक अक्षरही लिहिलेलं सापडलेलं नाही. जे काही माहीत आहे ते तिच्या लेकीबाळींच्या तोंडून. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, कारण यावरून भांडणं फार होतात : हे नातं भाषांचं आहे, रक्ताचं नाही. माणसं भाषा बदलतात. कुळ सांगायचं तर ते शब्दाचं सांगता येतं, बोलणाऱ्याचं नाही.

स्नुषेला गेज लावून पाहू

कोशात स्नुषा सापडल्यावर मला वाटलं होतं, विषय संपला. खरा विषय तिथून सुरू झाला. स्नुषेच्या बहिणी मला भलत्याच गावांत भेटायला लागल्या. लॅटिनमध्ये सून म्हणजे ‘नुरुस’. ग्रीकमध्ये ‘न्युओस’. रशियनमध्ये ‘स्नोखा’. आर्मेनियनमध्ये ‘नू’. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘स्नोरु’. अल्बेनियनमध्ये ‘नुसे’ म्हणजे नवरी.

एकदा हात पोळल्यामुळे मी लगेच ग्रुपवर टाकलं नाही. आधी गेज काढलं.

स्नुषा, नुरुस, न्युओस. मधला आवाज बघा. संस्कृतात स-ष आहे, लॅटिनमध्ये ‘र’, ग्रीकमध्ये काहीच नाही. तीन भाषा, तीन तऱ्हा. हे नेहमी असंच होतं का? संस्कृतात ‘जनस्’ या शब्दाची षष्ठी ‘जनसः’. लॅटिनमध्ये तोच शब्द ‘गेनेरिस’, ग्रीकमध्ये ‘गेनेओस’. पुन्हा तेच : स, र आणि रिकामी जागा. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ‘स’चा लॅटिन ‘र’ करते, ग्रीक तो गिळून टाकते. सुरुवातीच्या ‘स्न’मधला ‘स’ दोघींनीही टाकला. पार्ट पास.

संस्कृतात मग ‘स’ऐवजी ‘ष’ का? हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. ‘मालासु’ पण ‘रामेषु’, ‘गुरुषु’. उकार आला की त्याच्या पुढचा ‘स’ असा ‘ष’ होतो. ‘स्नु’मध्ये उकार आहे, म्हणून स्नुषा. रशियनच्या पूर्वज भाषेत अशाच जागी ‘स’चा ‘ख’ झाला, म्हणून स्नोखा. शाळेत घोकलेलं रूप आणि रशियातली सून एका नियमात बसतात, हे कळलं तेव्हा मी बसमध्ये शेजारच्याला उठवून सांगितलं होतं. तो रात्रपाळी करून आलेला. त्याच्या प्रतिक्रियेबद्दल न लिहिलेलं बरं.

राहिली जुन्या इंग्रजीतली स्नोरु. तिथे ‘र’ कुठून आला? याचं उत्तर कार्ल वर्नर या डॅनिश माणसानं शोधलं. ग्रिमचा नियम एका ठिकाणी अडत होता. नियमाप्रमाणे ‘भ्रातृ’ आणि ‘पितृ’ दोघांतल्या ‘त’चं जर्मानिक भाषांमध्ये एकच काहीतरी व्हायला हवं. गॉथिक भाषेत भाऊ ‘ब्रोथर’ आहे, पण बाप ‘फादर’. एकीकडे थ, दुसरीकडे द. लोक म्हणत, असतात अपवाद. वर्नरनं वेदातले स्वर बघितले. ‘भ्रातृ’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर आहे, ‘पितृ’मध्ये शेवटच्या. आघात ज्या बाजूला, त्याप्रमाणे पुढे आवाज वेगळा झाला. १८७७ साली त्याचा लेख छापून आला आणि अपवाद संपले.

या गोष्टीतलं मला सगळ्यात थक्क करणारं हे : जर्मानिक भाषांमधून तो जुना आघात केव्हाच पुसला गेला होता. तो जिवंत राहिला तो वेद म्हणणाऱ्यांच्या तोंडात, पिढ्यानपिढ्या, हातवारे करत, स्वर चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. उत्तर युरोपातलं कोडं सोडवायची किल्ली इथल्या पाठशाळांमध्ये सांभाळलेली होती.

आणि स्नुषेतला आघात? शेवटच्या अक्षरावर. वर्नरच्या नियमानं अशा जागी ‘स’चा ‘झ’ होतो आणि पुढे ‘र’. म्हणून स्नोरु. इंग्रजांनी नंतर हा शब्द टाकून दिला. आता ते ‘डॉटर-इन-लॉ’ म्हणतात, म्हणजे कायद्यानं मुलगी. आपण मात्र त्या पाच हजार वर्षांच्या शब्दानं रोज हाक मारतो, ‘सूनबाई, चहा टाका.’

ट्रॉयमधली जाऊ

एका सुनेमुळे तिचं सगळं सासर सापडलं. सासरा म्हणजे श्वशुर, लॅटिनमध्ये ‘सोकेर’, ग्रीकमध्ये ‘हेकुरोस’. सासू म्हणजे श्वश्रू, ग्रीक ‘हेकुरे’. दीर म्हणजे देवर, ग्रीक ‘दाएर’, लॅटिन ‘लेविर’. आणि जाऊ. जाऊ हा शब्द संस्कृत ‘यातृ’पासून आला आहे. सुरुवातीच्या ‘य’चा मराठीत ‘ज’ होतो : यात्रा–जत्रा, यंत्र–जातं. आणि भ्रातृचा जसा भाऊ, तशी यातृची जाऊ. हीच जाऊ लॅटिनमध्ये ‘यानित्रिकेस’ म्हणून आहे, ग्रीकमध्ये ‘एइनातेर’ म्हणून.

होमरच्या ‘इलियड’मध्ये हे नातलग भेटतात. शेवटच्या सर्गात हेक्टरचं प्रेत घरी आणलं जातं आणि बायका शोक करतात. त्यात हेलन आहे. तिच्यामुळेच युद्ध पेटलं असं सगळे मानतात. हेक्टर तिचा दीर. ती जे म्हणते त्याचा सारांश असा : या घरात कुणी मला टोचून बोललं, मग तो दीर असो, नणंद असो, जाऊ असो की सासू (सासरा तेवढा बापासारखा मायाळू), तर तू त्यांना आवरायचास.

मी हे इंग्रजी भाषांतरात वाचलं. तिथे ‘ब्रदर-इन-लॉ’, ‘सिस्टर-इन-लॉ’, ‘वाइव्ह्ज ऑफ माय ब्रदर्स-इन-लॉ’ अशी कसरत होती. मूळ ग्रीक शब्द काढून बघितले तर दाएर, एइनातेर, हेकुरे, हेकुरोस. दीर, जाऊ, सासू, सासरा. पाचांपैकी चार शब्द आपल्या स्वयंपाकघरातले! नणंद तेवढी जुळत नाही. आपल्या ‘ननान्दृ’ला भारताबाहेर पक्के नातलग नाहीत आणि ग्रीकांचा नणंदेचा शब्द वेगळ्या कुळातला. पण हेलनचं दुःख समजायला मराठी माणसाला तळटीप लागत नाही.

मग लक्षात आलं, की हे सगळे शब्द एकाच माणसाच्या तोंडचे आहेत. लग्न करून दुसऱ्याच्या घरी आलेल्या बाईच्या. नवऱ्याचा बाप, नवऱ्याची आई, नवऱ्याचा भाऊ, त्या भावाची बायको : या सगळ्यांना आदिभाषेत पक्के, स्वतंत्र शब्द होते. उलट पुरुषाच्या सासुरवाडीचे शब्द तितके पक्के जुळत नाहीत. जावयाचे शब्द अनेक भाषांत एकमेकांसारखे दिसतात, पण गेज लावलं की एका साच्यात बसत नाहीत. बेर्टहोल्ड डेलब्र्युक या जर्मन अभ्यासकानं १८८९ साली या नात्यांच्या शब्दांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि हेच दाखवलं. त्यावरून निघालेला अंदाज असा, की त्या समाजात मुलगी लग्नानंतर नवऱ्याच्या घरी जात असे.

शब्दांवरून माणसांचं जगणं किती सांगता येतं, यावर वाद आहेत आणि असायला हवेत. सुनेसाठी शब्द होता, एवढंच आपल्याला माहीत. ती सुखात होती की नाही हे शब्द सांगत नाही. आणि आपल्या घरातले सगळेच शब्द काही त्या एका कुळातले नाहीत. माझी आजी जतकडची, माहेरी कानडी-मराठी दोन्ही. ती थोरल्या बहिणीला ‘अक्का’ म्हणायची. अक्का आणि अण्णा द्राविडी. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात उत्तरेची आणि दक्षिणेची रीत महाराष्ट्रात एकमेकींना भेटते असं दाखवलं आहे. सुनेचं कुळ एकीकडचं, तिच्या अक्काचं दुसरीकडचं. घर एकच.

पण पत्रिकेवरचं माझं वाक्य आता दुप्पट चुकीचं वाटायला लागलं. ‘सून म्हणजे घरचा मुलगाच’ हे ऐकायला गोड होतं, म्हणून सगळ्यांना आवडलं. शब्दाचा खरा इतिहास तसा गोड नाही. तो म्हणतो, सून वेगळी. मुलगी वेगळी, तिला वेगळा शब्द. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण माझ्या व्युत्पत्तीपेक्षा जास्त खरी होती.

देवर आणि विधवा

गोड किंवा सोयीची व्युत्पत्ती लावणारा मी पहिला नाही. यास्काच्या ‘निरुक्ता’त, तिसऱ्या अध्यायात, एकाच ठिकाणी दोन शब्दांची फोड मिळते. देवर का म्हणायचं? तर तो ‘दुसरा वर’ म्हणून. विधवा का? एक पर्याय असा दिला आहे, की ‘धव’ म्हणजे पुरुष आणि तो गेला म्हणून वि-धवा.

गेज लावा. देवरमध्ये ‘वर’ असेल तर ग्रीक दाएरमध्ये आणि लॅटिन लेविरमध्येही तो दिसायला हवा. दिसत नाही. दीर हा फक्त दीर आहे. दुसरा वर वगैरे नंतर सुचलेलं. विधवेचंही तसंच. लॅटिन ‘विदुआ’, इंग्रजी ‘विडो’, जुन्या स्लाव्ह भाषेत ‘विदोवा’. हा एकसंध शब्द आहे, ‘वेगळी पडलेली’ अशा अर्थाच्या धातूपासूनचा. त्यात ‘वि’ हा उपसर्ग नाही आणि ‘धव’ नावाचा नवराही नाही. नवरा या अर्थाचा ‘धव’ हा शब्दच विधवेला चुकीच्या जागी तोडून तयार झाला. त्याच धवाला पुढे ‘स’ जोडून ‘सधवा’ झाली.

यास्काचा हेतू वेदाचा अर्थ उलगडण्याचा होता, त्याच्याकडे लॅटिनचा कोश नव्हता. त्याच्याबद्दल मला तक्रार नाही. पण हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. ती पस्तिशीत विधवा झाली. गावात हळदीकुंकवाला सधवांना बोलावणं जायचं, आजी दार लोटून आत बसायची. मी लहान होतो तरी ते लोटलेलं दार आठवतं. शब्द बरोबर तोडला असता म्हणून तिला कुणी बोलावलं असतं असं नाही. रूढी व्याकरणावर चालत नाही. तरी ज्या शब्दानं तिला बाहेर ठेवलं तो चुकून तयार झालेला होता, हे कळल्यावर माझ्या मनात काहीतरी हललं.

माहेरचं नाव

या सगळ्या भानगडीत मी फोनवर सुनेचा एक मोठा वृक्ष काढला होता. वर आदिभाषा, खाली फांद्या, प्रत्येक फांदीवर एक सून. छान दिसत होता. त्याच जोशात आमच्या घरची वंशावळही काढायला घेतली. वडिलांकडे एक जुना कागद होता. सात पिढ्या. सगळे पुरुष. बायकांचा उल्लेख नाही, कुठे असलाच तर नुसतं ‘सौ.’.

मी आजीपासून सुरुवात करायची ठरवली. तिचं नाव माहीत होतं, पण ते लग्नातलं. नवऱ्यानं तांदळात अंगठीनं लिहिलेलं. माहेरचं काय होतं?

वडिलांना माहीत नव्हतं. काकांना माहीत नव्हतं. आत्यालाही नाही, ‘आम्ही तिला आईच म्हणायचो ना रे’ म्हणाली. रेशनकार्ड, सातबारा, मतदारयादी, सगळीकडे सासरचं नाव. शाळेत ती गेलीच नव्हती. तिचे भाऊ-बहीण आता कुणी नाहीत. ‘नाव’ हा शब्दसुद्धा त्याच कुळातला : संस्कृत नामन्, लॅटिन नोमेन, इंग्रजी नेम. मी पाच हजार वर्षं मागे जाऊन सून शोधून आणली होती आणि आमच्या घरच्या सुनेचं मूळ नाव सत्तर वर्षांत हरवलं होतं.

आजीला जाऊन आता नऊ वर्षं झाली. तिच्यामागे तिच्या पिढीतलं एकच माणूस राहिलंय, आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. आम्ही तिला धाकटी आजी म्हणतो. म्हणजे माझ्या आजीची जाऊ. कराडजवळ गावी असते, कानानं कमी ऐकू येतं, डोकं लख्ख आहे. मी रविवारी गाडी काढली.

ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसून मोठ्यानं विचारलं.

“तुझ्या आजीचं म्हायेरचं नाव?” ती म्हणाली. “आन् मला न्हाई तर कुनाला ठावं आसनार रं?”

तिनं नाव सांगितलं. क्षणभरही आठवावं लागलं नाही. मग सांगितलं, ती लग्न होऊन आली तेव्हा दोघी पहाटे एका जात्यावर बसायच्या. सासू झोपलेली असायची. “तवा मी तिला तिच्या नावानं हाक मारायची आन् ती मला माज्या. जात्याची घरघर आसती, कुनाला ऐकाय येतंय? उजाडलं की पुन्यांदा आपलं थोरली आन् धाकटी.”

“आणि तुझं काय होतं?” मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. हातातली शेंग तशीच राहिली.

“माजं?” ती म्हणाली. “माजं कुनी इचारलंच न्हाई आजपातूर.”

मग तेही सांगितलं.

दोन्ही नावं मी वंशावळीत लिहिली आहेत. इथे लिहीत नाही, कारण धाकट्या आजीला ते विचारायचं राहून गेलं. आजीच्या नावाची व्युत्पत्ती मी अजून शोधलेली नाही. काकांना मात्र फोन करून सांगितलं, की पत्रिकेवरचं वाक्य चुकलं होतं. ते म्हणाले, “आता धाकट्याच्या लग्नात दुरुस्त करू. काय छापायचं ते लिहून दे.”

मी अजून लिहून दिलेलं नाही. पण धाकट्याची ठरलेली बायको परवा घरी आली होती, तेव्हा तिला तेवढं विचारून घेतलं, की लग्नानंतर तुझं नाव बदलायचं तुझ्या मनात आहे का. ती नाही म्हणाली.